वारा येणारी बाजू

"विरलंय कुठं, तेवढं सांग."

सोमगीर बुवांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा त्यांचा चेला कैलासगीर मनातून वैतागला. गाडी कशी लखलखत होती, आणि म्हाताऱ्याला विरलेलंच बघायचं होतं.

गाडी म्हणजे बुवांचा फिरता मठ. जीपमागे जोडायची, गावाबाहेर उभी करायची. हँडल फिरवलं की पत्र्याच्या पेटीतून छत वर उठायचं, दोन्ही अंगांना फळ्या सरकून दोन बिछाने व्हायचे आणि भोवती जाड कापडाच्या भिंती ताणल्या जायच्या. बुवा आता थकले होते. आज ते हँडल ज्याच्या हाती देतील, मठ त्याचा. कैलासगीरने तर पत्र्याला नवा रंगही दिला होता, स्वतःच्या नावापुरती जागा सोडून.

त्याने पाढा वाचला. छत उचलणाऱ्या तारेला ग्रीस आहे, बिजागऱ्यांना तेल आहे, टायर नवे आहेत. कापड परवाच साबण लावून धुतलंय.

बुवांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "बाहेरून नको. आत जा, दार लावून घे आणि वर बघ."

कैलासगीर आत जाऊन उताणा पडला. बाहेर टळटळीत ऊन होतं...

त्याच्या बिछान्यावरचं कापड धडधाकट होतं. बुवांच्या बिछान्यावर मात्र घडीच्या रेघेला धरून बुरशीचे काळे डाग होते, आणि चाळणीतून गळावा तसा त्यांतून उजेड गळत होता.

त्याला हे नवं नव्हतं, हीच तर लाजेची गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात पुढच्या गावचे लोक हार घेऊन ताटकळले होते. कापड खडखडीत वाळल्याशिवाय घडी घालायची नाही, हा बुवांचा नेम. पण बुवा आधीच पुढे गेले होते, टोकायला कुणी नव्हतं. कैलासगीरने ओलं कापड तसंच आत कोंबलं, जाऊन हार घालून घेतले, मिरवला, आणि त्या नादात बरेच दिवस गावकऱ्यांच्या घरीच मुक्काम करत गाडी उघडलीच नाही. उघडली तेव्हा कुबट वास आला. डाग त्याने बाहेरून घासले आणि गप्प बसला. मग एका रात्री थेंब त्याच्याच उशीवर पडला. दुसऱ्या दिवशी त्याने बुवांना गोडीगोडीत सांगितलं, तुम्ही या बाजूला निजत जा, इकडे वारा चांगला येतो.

बुवांचा खोकला तेव्हापासूनचा.

कैलासगीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बाहेर आला, पण मान वर होईना.

"बुवा... मला ठाऊक होतं."

"हं."

"तुम्हालाही कळलंच असणार. मग बाजू का नाही बदललीत?"

"वारा येतो म्हणालास. यायचा."

...

दूरवर बांधावरून दर्शनाला येणारी माणसं दिसू लागली. कैलासगीरच्या मनात आलं, ही आत शिरतील, वर बघतील, सगळी अब्रू जाईल.

सकाळपासून ज्या हँडलकडे तो आशेने बघत होता, त्याच्यासाठी त्याने आता हात पसरला. "द्या बुवा. लोक यायच्या आत मिटून टाकतो."

बुवांनी मांडीवरचं हँडल उचललं. त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं आपल्या हाताने त्यावर मिटवली.

"घे. पण ऊन आहे तोवर उघडंच राहू दे."