पेपर वाचतं कोण?

बीए झाल्यावर विद्यापीठात पत्रकारिता शिकावी की नाही, हे सुनंदाचं ठरत नव्हतं. शिकून पुढे काय, ही शंका तिलाही छळत होती. अशात नगराध्यक्ष भाऊसाहेब घरी पेढे खायला आले आणि हसून म्हणाले, "पत्रकारिता? अगं पोरी, आजकाल पेपर वाचतं कोण?"

वडिलांनी पेढ्यांचं ताट त्यांच्यापुढे केलं. सुनंदाने नम्रपणे विचारलं, "मग भाऊसाहेब, परवा गटाराच्या निकृष्ट कामाची बातमी आली, तेव्हा तुमच्या माणसांनी स्टँडवरचे सगळे अंक सकाळीच का उचलले?"

भाऊसाहेबांचा पेढा हातातच राहिला. ते तडक निघून गेले.

"आता गं?" वडिलांनी काळजीने विचारलं.

सुनंदा म्हणाली, "बाबा, प्रवेश घेते. त्यांना ज्याची एवढी धास्ती वाटते, ते शिकण्यासारखंच असणार."