लाल चिंधीचा दोर

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं ठरलं होतं. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, त्यांनी ज्वारीच्या राशीवर हात ठेवून तसा शब्द दिला होता. मलाही बजावलेलं आहे. म्हणून मी गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावं सांगत नाही, आणि सुरुवात 'फार पूर्वी' अशी करते. तसं म्हटलं की कुणाला राग येत नाही.

तर फार पूर्वी, काळ्या मातीच्या एका गावात एक शेतकरी कुटुंब राहत होतं. घरचा कारभार थोरल्या आत्याच्या हातात होता. कधी पेरायचं, कधी काढायचं, हे तीच ठरवायची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे घरातल्या मुलांचा काका, अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून दांडगा. आणि याच घरात एक मुलगी होती. तिची नजर फार तीक्ष्ण. आंब्याच्या शेंड्याला पाडाला आलेली एकुलती एक कैरी तिला खालून दिसायची. पण चार माणसं जमली की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. म्हणून काका तिला 'मुके' अशी हाक मारायचा.

चैत्र संपत आला होता. मळणी झाली, उफणणी झाली, आणि खळ्यावर ज्वारीची पांढरीशुभ्र रास उभी राहिली. आता ती पेवात भरायची होती.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल इतकं, आणि आत रांजणासारखं मोठं पोट. हे पेव तीन पुरुष खोल होतं. नवं धान्य भरण्याआधी कुणीतरी आत उतरून तळाचा जुना कडबा काढायचा आणि नवा अंथरायचा, अशी रीत होती. पण जुना कडबा आत कुजला की पेवात वाईट हवा साचते. ती दिसत नाही, कळत नाही. माणूस तिच्यात उतरतो आणि बोलता बोलता गप्प होतो.

म्हणून आधी दिवा उतरायचा. टोपलीत पणती ठेवून ती दोरानं खाली सोडायची. दोराला एका ठिकाणी लाल चिंधी बांधलेली होती. चिंधी पेवाच्या काठाला टेकली की दिवा तळाला टेकला. मग काठाभोवती सावकाश सात फेऱ्या मारायच्या. तोवर दिवा जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. हे काम त्या घरात त्या मुलीचं होतं, कारण तिची नजर चांगली होती.

मागच्या वर्षी काय झालं होतं, तेही सांगायला हवं. दिवा काठावरच वाऱ्यानं विझला होता. मुलीनं घाबरून "विझला!" म्हटलं आणि सगळे दुपारपर्यंत ताटकळले. शेवटी काकानं पुन्हा पणती लावून सोडली, तर ती तळाशी छान जळत राहिली. वर्षभर गाव हसत होतं. ती पाण्याला गेली तरी कुणीतरी म्हणे, "बघ गं, घागर विझंल तुझी!"

या वर्षी सावडीला गावची वीस माणसं आली होती. सावड म्हणजे आज आम्ही तुमच्याकडे राबायचं, उद्या तुम्ही आमच्याकडे. सगळे पोती झटकून उभे होते. पश्चिमेला वळवाचे ढग चढत होते.

"उरका रे," एक म्हातारे शेजारी म्हणाले. "आभाळ काही आपलं पाहुणं नाही, थांबायला."

"आमच्या मुकीला सांगा!" काका म्हणाला. त्यानं कमरेला जाड दोर बांधून घेतला होता. "का गं मुके, औंदा दिवा विझवणार का तू?"

सगळे हसले. मुलीनं मान खाली घातली आणि टोपली सोडली.

दिवा खाली गेला. पेवाच्या भिंती पिवळ्या दिसू लागल्या. अर्ध्या वाटेवर तो नीट जळत होता. आणखी खाली गेल्यावर ज्योत एकाएकी लहान झाली. तांदळाच्या दाण्याएवढी. मग तेवढीही राहिली नाही.

मुलगी काठावर वाकली. तिनं टोपली वर ओढली. पणतीत तेल होतं, वातही नीट होती.

"काय गं, काय झालं?" कुणीतरी विचारलं.

आता सांगायचं होतं. एकच शब्द होता. पण वीस तोंडं तिच्याकडे बघत होती, आणि त्यातली अर्धी हसायला तयारच होती. कदाचित माझाच हात थरथरला असेल, असं तिला वाटलं. तिला तसं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं.

"वात सरळ करते," असं पुटपुटून तिनं सगळ्यांकडे पाठ केली आणि पणती पुन्हा लावली. पुन्हा टोपली सोडली. पण या खेपेला तिनं दोर अर्ध्यावरच थांबवला. लाल चिंधी तिच्या हातात राहिली. ती तिनं दोरावरून सोडली आणि परकराच्या ओच्यात खुपसली. मग ती सात फेऱ्या चालली. अर्ध्यावर लटकलेला दिवा मजेत जळत होता.

"जळतोय," ती म्हणाली.

"शाब्बास!" काका म्हणाला आणि पेवाच्या भिंतीतल्या खोबणीत पाय ठेवून उतरू लागला.

उतरणाऱ्यानं सतत बोलत राहायचं, हीही त्या घराची रीत. काका तर गप्प कधी नसायचाच. त्याचं डोकं काठाखाली गेलं आणि आवाज पेवातून घुमत वर येऊ लागला.

"काय थंडगार आहे हो आत! आत्याबाई, माझं अंथरूण इथंच टाका. आणि मुकीला सांगा, दोन भाकऱ्या..."

वर सगळे हसत होते. मुलगी हसत नव्हती. ती पेवाकडे बघत नव्हती, तिला बघवतच नव्हतं. ती त्याच्या कमरेचा दोर बघत होती. चार पुरुषांच्या हातांतून तो वीत वीत सरकत होता. अर्धी वाट झाली असेल. आता तिचा दिवा जिथं थांबला होता, ती जागा. आता त्याच्या खाली.

तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं आत्याचं लुगडं ओढलं.

"थांब गं, काम चाललंय," आत्या म्हणाली.

"...दोन भाकऱ्या आणि ठेचा," पेवातून आवाज आला. तो आता जरा जड होता, झोपेतून बोलल्यासारखा. "आणि... ठेचा..."

"ठेचा दोनदा खाणार वाटतं," म्हातारे शेजारी म्हणाले.

तेव्हा मुलीनं ओच्यातली लाल चिंधी काढली, डोक्यावर धरली, आणि ती ओरडली. असा आवाज तिच्या आत आहे, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"ओढा त्याला! चिंधी माझ्याकडं आहे! दिवा तळाला गेलाच नाही! पहिला विझला होता, मी खोटं बोलले!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. आत्याला मात्र कळलं. तिनं स्वतः दोराला हात घातला. "ओढा! बघता काय, ओढा!"

दोर जड लागला. वर आला तो काका नव्हताच जणू, नुसतं ओझं होतं. मान लोंबत होती, ओठ जांभळे पडले होते. त्याला कडब्यावर निजवलं. कुणी पाणी मारलं, कुणी सुपानं वारा घातला. सूप खाली-वर होत होतं, आणि काका हालत नव्हता. मुलीच्या मुठीत चिंधी घामानं भिजली.

आणि मग काकाला ठसका लागला. मोठा, कुरूप, सुंदर ठसका. त्यानं डोळे किलकिले केले.

"मुके," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "किती मोठ्यानं ओरडतेस गं. पाताळात ऐकू आलं."

कुणी हसलं नाही. आत्यानं काकाच्या कमरेचा दोर सोडला. मग तिनं मुलीला विचारलं, "पहिल्यांदा विझला, तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळे हसले असते."

आत्यानं तिच्या हातातली चिंधी घेतली आणि पुन्हा दोराला घट्ट बांधली. "हसणारी माणसं संध्याकाळी हसत घरी जातात, पोरी. खाली गेलेला कुठल्या वाटेनं येणार होता?"

मग तिनं सावडीच्या माणसांकडे पाहिलं. म्हातारे शेजारी पुढे आले. "मागल्या वर्षी सगळ्यात जास्त मीच हसलो होतो," ते म्हणाले, आणि त्यांनी राशीवर हात ठेवला. पोरीचं नाव गावात निघणार नाही, असा त्यांनी शब्द दिला. मग एकेक करून सगळ्यांनी दिला.

वाईट हवा जावी म्हणून पेव आठ दिवस उघडं राहिलं. वळीव पडलाच, राशीची एक बाजू भिजली आणि ज्वारी काळी पडली. वर्षभर त्या घरानं काळपट भाकरी खाल्ली. मुलीला पहिले काही दिवस घास गिळवत नव्हता. काका मात्र ताटात बघून म्हणायचा, "काळी तर काळी, खाणारं तोंड आहे ना जागेवर! वाढ गं आणखी एक." आणि त्या दिवसापासून त्यानं तिला 'मुके' म्हणणं सोडलं. तो तिला 'बोलके' म्हणू लागला.

तात्पर्य: विझलेल्या दिव्याला विझलाच म्हणावं. लोक हसतील म्हणून लपवलेलं खरं आपल्याला नाही, आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला भोवतं. आणि दुसरं असं की, उशीर झाला असला तरी खरं बोलायला आपण...

"बोलके! अगं ए बोलके! लाल चिंधीचा दोर कुठं ठेवलास? सगळे खोळंबलेत इथं!"

आले, काका! आणि आज चिंधी काठाला टेकल्याशिवाय मी 'जळतोय' असं...