पंधरा पोळ्या, एक भाकर

“जो खरा ठरला, त्यानंच आपल्या वकिलाची फी का सोसायची, बाबा?”

निरंजनबाबा शेंगा सोलत होते. “मग कुणी सोसायची?”

“हरलेल्यानं. दोन्हीकडची. राज्यात तसा कायदाच येतोय. मसुदा मी लिहिलाय.”

वकील विश्वंभर घोंगडे हा बाबांचा जुना शिष्य. हुशार होता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. महिनाभर रंगराव बागायतदारांच्या बंगल्यावर मुक्काम ठोकून त्यानं मसुदा पुरा केला होता. उद्या तो राजधानीला जायचा होता. आज फक्त आशीर्वाद हवा होता.

“आजच लावून बघू की,” बाबा म्हणाले.

गुरुवार होता. गुरुवारी मठाच्या ओट्यावर गावचे तंटे निघत. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही, त्यानं आपला बोलका आणायचा आणि निकालानंतर त्याला जेवू घालायचं. बोलक्याची फी तेवढीच.

त्या दिवशी गौराबाई कुंभारीण आली होती. मातीच्या खाणीकडं जाणारी तिची वाट रंगरावांनी काटे टाकून बंद केली होती. आठ दिवस तिचं चाक फिरलं नव्हतं. तिचा बोलका सोपान मेंढके, एका भाकरीचा माणूस. रंगरावांनी आणले होते निवृत्त तलाठी अण्णा. पंधरा पुरणपोळ्या झाल्याशिवाय ते पाटावरून उठत नसत.

वकिलानं नवा नियम वाचून दाखवला. हरेल त्यानं दोन्ही बोलक्यांना जेवू घालायचं.

गौराबाईनं अण्णांच्या पोटाकडं नीट पाहिलं... आणि पदर सावरून उठली.

“येते मी, बाबा.”

“मावशी, बसा. तुमची बाजू खरी आहे,” वकील म्हणाला.

“खरी हाय, ते मला ठावं हाय. पर निकालाचं कुणी सांगावं? हरले तर पंधरा पोळ्या कुठनं आणू?”

“बरं, राहू दे नवा नियम. ज्यानं त्यानं आपल्या बोलक्याला घालावं.”

“म्हंजे वाट माझी, अडवली यांनी, अन् जिंकूनबी भाकर माझ्याच टोपल्यातली?”

वकिलानं मसुद्याचा कागद उलटून पाहिला.

बाबांनी सूप बाजूला सारलं. “हरेल त्यानं समोरच्या बोलक्याला वाढायचं. पण आपला बोलका जेवढं खातो, तेवढंच.”

गौराबाईनं बोटं मोजली. “मी हरले, तर अण्णांना एक भाकर?”

“एकच.”

“अन् जिंकले तर?”

“सोपानला पंधरा पोळ्या.”

ती खाली बसली. सोपाननं धोतराची गाठ सैल केली.

रंगराव अण्णांच्या कानाशी लागले. “अण्णा, आजच्या दिवस भाकरीवर भागवता का?”

अण्णांचा चेहरा उतरला. “पंधराच,” ते म्हणाले. मग रंगरावांच्या बाजूनं ते जेमतेम दोन वाक्यं बोलले. चहा निवायच्या आत तंटा मिटला आणि रंगरावांचे गडी काटे उचलायला गेले. सोपान सातव्या पोळीला थांबला. उरलेल्या आठ त्यानं फडक्यात बांधून घेतल्या, आणि गौराबाई मनमोकळी हसली.

वकिलानं पेन काढलं. “हेच घालतो मसुद्यात. बाबा, इतकी साधी गोष्ट मला कशी सुचली नाही?”

बाबांनी मूठभर शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले.

“मसुदा लिहीत होतास, तेव्हा जेवायला कुणाकडं होतास?”