दोबोच्या गालावरची खूण

दोबोचा चेहरा कसा होता, हे विचारायचं नाही. आमच्या घाटावर मूल बोलायला लागलं की त्याला हे शिकवतात. काटे बघून मासा खा, भोवऱ्याकडे पोहत जाऊ नकोस, आणि दोबोचा चेहरा विचारू नकोस. मी विचारला. पाच वर्षांची असताना विचारला, बारा वर्षांची असताना विचारला, कॉलेजातून सुट्टीला आले तेव्हाही विचारला. दर वेळी एकच उत्तर मिळालं, "विचारायचं नाही म्हटलं ना!" का विचारायचं नाही, ते कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला ते ठाऊकच नव्हतं. मोठ्या माणसांना कारण ठाऊक नसलं की ती आवाज चढवतात.

तर ऐका. फार फार वर्षांपूर्वी, नायजेरिया हे नाव अजून कुणी उच्चारलंही नव्हतं तेव्हा, नायजर आणि बेन्वे या दोन नद्यांच्या संगमाखाली ओजुबे नावाचा घाट होता. घाट म्हणजे काय, तर चिखल, वाळू आणि पांढऱ्या सावरीचं एक झाड. गाव नव्हतं. पूर्वेला इगालांचा राजा होता, उत्तरेला नुपेंचा, आणि पश्चिमेच्या टेकड्यांत एबिरा लोक राहत होते. त्यांच्या मधून नदी वाहत होती, आणि नदी कुणाचीच नव्हती.

एका पुराच्या साली वरून एक होडी वाहत आली. एकाच झाडाचं खोड पोखरून केलेली. तिच्यात एक माणूस झोपला होता. होडी वाळूला लागली तसा तो उठला, लांब बांबू हातात घेतला, आणि काठावर जे कुणी उभं होतं त्याला म्हणाला, "पलीकडे जायचंय का?" तेव्हापासून तो लोकांना पार नेऊ लागला. तोच दोबो, असं म्हणतात. दोबो या नावाचा अर्थ आमच्या घाटावरच्या एकाही भाषेत लागत नाही.

त्या काळी मूल लहान असतानाच त्याच्या गालावर पात्यानं रेघा कापत. जखम भरली की रेघा जन्मभर राहत. इगालांच्या ओठाच्या कोपऱ्यापाशी तीन आडव्या रेघा, नुपेंची नाकापासून तिरपी उतरणारी एक, एबिरांच्या कानशिलावर बारीक उभ्या. मूल हरवलं, कुणी पळवलं, तरी बघणाऱ्याला ते कुणाचं हे कळावं म्हणून. चेहरा म्हणजेच पत्ता होता.

आता दोबोचा पत्ता काय? एक इगाला बाई सुरणाची टोपली घेऊन होडीत बसली, तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "अरे, तू तर आमच्यातला! या तीन रेघा कुणी कापल्या रे तुझ्या? आमच्या गावच्या म्हातारीचाच हात दिसतो."

तिच्या मागे एक नुपे कोळी बसला होता. तो हसला. "तीन? बाई, डोळ्यांत मासा गेलाय का तुझ्या? एकच रेघ आहे, नाकापासून उतरलेली. हा आमचा माणूस."

"एक म्हणे! तुला मोजता तरी येतं का?"

टोकाला बसलेला एबिरा विणकर म्हणाला, "भांडू नका, होडी हलतेय. त्याच्या कानशिलावर चार उभ्या रेघा आहेत, मला इथून दिसतायत."

तिघंही खरं बोलत होते, असं म्हणतात. जो बघे त्याला त्या गालावर आपल्याच माणसांची खूण दिसे. आणि दोबो बांबू मारता मारता विचारी, "मग माझ्या गालावर नक्की आहे तरी काय?" तो गाल चाचपे, तर बोटांना नुसती कातडी लागे. पाण्यात वाकून बघे, तर नदी ज्वारीच्या पेजेसारखी गढूळ. दर फेरीला तो नव्या माणसाला तेच विचारी, दर फेरीला नवं उत्तर मिळे, आणि तो गोंधळून मान हलवे. आपण कोण हे त्याला कळेना. पण कळलं नाही म्हणून त्याची एकही फेरी चुकली नाही.

मग घोडेस्वार आले. वाळवंटाकडून कोरडा वारा सुटतो आणि आभाळ धुळीनं पांढरं होतं, त्या दिवसांत आले. उत्तरेच्या एका सरदाराची ती फौज होती, आणि ती माणसं पकडून विकत असे. त्यांची रीत अशी, की सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि गाल बघायचे. आपली खूण असली तर सोडायचं, दुसरी असली तर दोरीला बांधायचं.

तिन्ही बाजूंची गावं पेटली आणि तिन्ही बाजूंची माणसं घाटावर धावत आली. दोबोच्या होडीत बारा माणसं मावत. तो म्हणाला, "बसा." बारा बसली. तो पुन्हा म्हणाला, "बसा." तीस बसली, शंभर बसली, तीनशे बसली. होडी बुडाली नाही, ती लांब होत गेली. शेवटचं मूल आत आलं तेव्हा तिचं तोंड पलीकडच्या काठाला लागलं होतं आणि शेपूट अजून अलीकडच्या वाळूवर होतं, असं म्हणतात.

त्या गर्दीत एका इगाला बाईच्या मांडीला मांडी लावून एक एबिरा पोर बसली होती. एकटीच होती. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. बाईनं बोट पाण्यात बुडवलं, होडीच्या तळाचा चिखल घेतला आणि त्या पोरीच्या ओठापाशी तीन आडव्या रेघा ओढल्या. "कुणी विचारलं तर माझी लेक आहेस. कळलं?" पोरीला काय कळलं कुणास ठाऊक. तिनं आपलं बोट बुडवलं आणि बाईच्या कानशिलावर उभ्या रेघा काढल्या. ते बघून शेजारच्यानं शेजारच्याला रेघ ओढली, त्यानं पुढच्याला. बघता बघता तीनशे तोंडांवर तिन्ही लोकांच्या खुणा झाल्या, आणि कोण कुणाचं हे आईलासुद्धा सांगता आलं नसतं.

सरदार तलवार उपसून पाण्यात उतरला. त्याला आधी नावाड्याला मारायचं होतं. तो दोबोच्या अगदी जवळ गेला, आणि तलवार त्याच्या हातातून पाण्यात पडली. दोबोच्या गालावर त्याला आपल्या घरची खूण दिसली. नुसती घरची नाही. पातं घसरून वाकडी झालेली ती रेघ त्यानं लहानपणी रोज बघितली होती. ती त्याच्या धाकट्या भावाची होती, आणि भाऊ सातव्या वर्षी जत्रेत हरवला होता.

"कुठे होतास तू?" सरदारानं विचारलं.

"इथंच. लोकांना पार नेतोय."

"आई मरेपर्यंत तुझं जेवण काढून ठेवायची."

दोबोनं बांबू चिखलात रोवला. तो म्हणाला, "मी तुझा भाऊ आहे का? मला खरंच ठाऊक नाही. तू सांगतोस म्हणजे असेनही."

सरदारानं डोळे पुसले आणि होडीकडे बघितलं. "बरं. यांतले आपले कोण ते सांग. त्यांना सोडतो."

"मला माझंच तोंड ओळखता येत नाही. यांचं काय सांगू? तूच बघ."

सरदारानं पहिलं तोंड बघितलं, दुसरं बघितलं, दहावं बघितलं. चिखलाखाली आपली खूण आहे की दुसऱ्याची ते कळेना, आणि चुकून आपलंच माणूस दोरीला बांधलं तर? मग तो वाळूवर मटकन बसला आणि त्यानं डोकं धरलं. घोडे पाण्यात पाऊल टाकीनात. संध्याकाळपर्यंत तो तसाच बसून होता आणि मग फौज घेऊन आला तसा परत गेला. दोबो खरोखर त्याचा भाऊ होता, असं काही जण म्हणतात. सरदार फसला, असंही काही जण म्हणतात. मी दोन्ही बाजूंनी खूप विचार केला आहे, आणि मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या तीनशे माणसांची घरं जळली होती. ती परत गेली नाहीत. घाटावरच्या सावरीभोवती त्यांनी झोपड्या बांधल्या. आमचं गाव ते हेच.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका कोरड्या दिवशी नदी आरशासारखी निवळली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. दोबो मध्यावर होता. त्यानं बांबू थांबवला आणि तो खाली वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "अरे, हा तर..." पुढचे शब्द वाऱ्यानं नेले. होडीतल्यांनी मान वळवली तर दोबो नव्हता. बांबू पाण्यात सरळ उभा होता, आणि होडी आपली आपण काठाला आली, असं म्हणतात.

मग गोऱ्यांच्या वाफेच्या बोटी आल्या. त्यांनी नकाशे काढले आणि आम्हाला उत्तरेच्या प्रांतात घातलं. ते गेले, आणि आपल्या माणसांनी देशात नवी राज्यं आखली. दोन्ही काठ आधी क्वारा राज्यात होते. मग पूर्वेचा काठ बेन्वे राज्यात गेला आणि पश्चिमेचा क्वारातच राहिला. पंधरा वर्षं असं चाललं, की मावशीकडे आमटी घेऊन जायचं तरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावं लागे. मग एक्याण्णव साली दोन्ही काठ मिळून कोगी राज्य झालं. गाव जागचं हललं नाही, त्याच्यावरच्या रेघा तेवढ्या हलत राहिल्या.

गालावर रेघा कापणं आता बंद झालं आहे. पण आमच्या घाटावरून होडी सुटते तेव्हा प्रत्येक जण बोट पाण्यात बुडवतो आणि शेजारच्या माणसाच्या गालावर आपल्या घरची खूण ओढतो. शेजारी ओळखीचा असो वा नसो. होडीला आता मोटर आहे, लोकांच्या हातात फोन आहेत, तरी ओढतात. मध्यावर पोचेपर्यंत वाऱ्यानं रेघ वाळून जाते. याला आम्ही 'दोबो लावणं' म्हणतो. मला पहिल्यांदा दोबो लावला तो कुठल्याशा पोलीस हवालदारानं. त्याची खूण कुणाची होती, मला आजही माहीत नाही.

आणि गेल्या वर्षी याच घाटाच्या म्हाताऱ्यांनी दोबोचा पुतळा करायचा ठरवला.

मी उत्तरेच्या झारिया शहरात कॉलेजात शिल्पकला शिकले आहे. माझे वडील इगाला, आई एबिरा. काम माझ्याकडे आलं. मी मातीत होडी केली, बांबू केला, बांबूवरचे हात केले. चेहऱ्यापाशी थांबले. तेव्हा सावरीखाली बैठक बसली आणि मला कळलं की हा पुतळा नुसता पुतळा नाही. पुतळ्याच्या गालावर ज्यांची खूण, ते घाटाचे मूळ लोक असं सरकारी कागदावर लिहिलं जाणार होतं. मूळ लोकांच्या मुलांना मूळ रहिवासी म्हणून दाखला मिळणार, त्यावर कॉलेजात जागा मिळणार, नोकरी मिळणार. बाकीचे कितीही पिढ्या राहिले तरी पाहुणे.

"तीन आडव्या," आचिमुगूबाबा म्हणाले. ते इगालांचे वडीलधारे. "पोरी, तुझ्या बापाची खूण आहे ती. लाजतेस कशाला?"

"बापाची?" एबिरांचे ओझिगीबाबा म्हणाले. "आणि पोटात कुणी वाढवली हिला? उभ्या काढ गं, उभ्या."

नुपे कोळ्यांचे न्दागीबाबा जाळं विणत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "एका रेघेला मेहनत कमी लागते. विचार कर."

सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

"त्याचा चेहरा विचारायचा नाही म्हणून मला जन्मभर गप्प केलंत," मी म्हणाले. "आता तुम्हालाच ठाऊक झाला?"

"तोंड सांभाळून बोल," आचिमुगूबाबा म्हणाले. "चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला शिकवू नकोस. सांगितलं तेवढं कर."

मी कोरणी मांडीवर ठेवली. "करते. ज्याचं घराणं दोबोच्या आधीपासून या घाटावर आहे, ज्याच्या घरचं कुणीही त्याच्या होडीतून जीव मुठीत धरून आलं नाही, त्यानं हात वर करावा. त्याची खूण मी आत्ता, तुमच्यासमोर कोरते."

न्दागीबाबांचं विणणं थांबलं.

"आणि असं कुणी नसलं तर?" ओझिगीबाबांनी हळूच विचारलं.

"तर मी रेघ काढणार नाही. एकाचीही नाही. दुसऱ्या कुणाला आणून काढून घ्यायची असेल, तर आधी माझ्या हातून ही माती काढून घ्यावी लागेल."

ओझिगीबाबांनी आचिमुगूबाबांकडे पाहिलं. आचिमुगूबाबांनी न्दागीबाबांकडे पाहिलं. मग आचिमुगूबाबांनी घसा खाकरला, आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी दोन्ही हात मांडीवरच ठेवले, आणि वर कुणाचाच हात गेला नाही.