दोर शेजारणीच्या हाती

सावरबंदरच्या खाडीमुखाशी कमरेइतका काळा दगडी खांब आहे. दोर घासून घासून त्याला खाच पडली आहे. गावातले मूल पहिल्यांदा समुद्रात उतरते, तेव्हा त्याच्या कमरेला दोर बांधतात. दुसरे टोक मात्र आईला देत नाहीत. ते शेजारीण धरते. मला हे क्रूरच वाटले. अर्थात मला जिना उतरणारे मूलही संकटात दिसते, तेव्हा माझ्या वाटण्यावर जाऊ नका. आमच्या इथल्या शेजारीण चांगुणामावशींनी सांगितले, ते सांगते.

इथला हिरोजी पागधरे नौदलात होता म्हणे. बुडत्या मालवाहू जहाजापर्यंत तो दोर घेऊन पोहत गेला आणि सात माणसे वाचवली. त्याला पदक मिळाले. गावात चेष्टा झाली, "लढाई नाय, गोळी नाय, मग बिल्ला कसला रं?" तो हसला. त्याची आई जानकाय हसली नाही. "उडी मारताना मी आठवले नाय तुला?" एवढेच तिने विचारले.

त्याच सुट्टीत, भर दुपारी, वादळात एक होडी समोरच्या खडकावर फुटली. दोन भाऊ फळीला धरून होते. हिरोजीने कमरेला दोर बांधला, खांबाला एक वेढा दिला आणि टोक आईच्याच हातात ठेवले.

"एक झटका दिला तर सैल सोड, आये. दोन दिले तर ओढ."

त्या भावांपाशी पोचायला दोन हातांचे अंतर उरले असताना एक झटका आला. जानकायला त्याचा अर्थ ठाऊक होता, असे सांगतात. पण लाटेत त्याचे डोके दिसेनासे झाले आणि तिचे हात ओढू लागले. ओढतच राहिले. मग दोर एकदम हलका झाला.

दोघे भाऊ वाचले. त्यांना फळीसकट लाटेबाहेर ढकलणारा परत आला नाही. दोराचे टोक किनाऱ्याला आले, ते तुटलेले नव्हते. गाठ हाताने सोडलेली होती.

जानकायने पदक खांबाच्या खाचेत ठोकले म्हणे. मला तिथे हिरवट डाग दिसला, शेवाळही असेल. पुढे मरेपर्यंत ती दुसऱ्यांच्या मुलांचा दोर धरी. त्यांच्या आयांना म्हणे, "तू नको धरू. माझा हात आता ओढत नाय."

आजही तिथे आई खांबामागे, समुद्राकडे पाठ करून, रिकाम्या हातांनी उभी राहते. माझी लेक पाण्याकडे झेपावत होती. मावशींनी हात पुढे केला, "दे इकडं तिला." मी दिली. खांबामागे उभीही राहिले.

पाठ तेवढी करता आली नाही.