कोऱ्या पानाची वेल

लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात मी एक नेम धरला होता. कुणाची नक्षी तिला विचारल्याशिवाय उचलायची नाही. सासूबाई हसल्या, "अगं, लोक कांदा-लसूण सोडतात, तू हे काय सोडलंस?" तेव्हा त्यांना सांगितलेली गोष्ट आज तुम्हाला सांगते.

फार फार वर्षांपूर्वी एका नगरात बायकांना कशिद्याचं भारी वेड होतं. तिथे एक बाई भरतकामासाठी वेली रेखायची. कागदावर वेल काढायची, सुईने रेषेवर भोकं पाडायची. कागद कापडावर ठेवून कोळशाची पूड फिरवली की वेल कापडावर उतरे. हे कागद विकूनच तिची चूल पेटे.

मग बाजारात एक विक्रेता पडदा लावून बसला. त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या एका कागदावरून तो ढीगभर कागद उतरवी आणि "माझ्या हातची नक्षी" म्हणून विके.

तिची एक मैत्रीण म्हणाली, "तुझीच वेल तिथे फुटाण्याच्या भावात मिळते गं!"

हळूहळू बाईची चूल थंडावली. सुई देवीच्या पायाशी ठेवून हे काम सोडायचं, असं ठरवून ती देवळात गेली. पाहते तो काय, देवीच्या पदरावर तिचीच वेल! प्रत्येक वेलीत ती एका पानाची जागा कोरी सोडायची, भरणारीने आपल्या मनाचं पान काढावं म्हणून. इथे कुणी तरी त्या जागी पिंपळपान भरलं होतं, अगदी जीव ओतून.

बाईने सुई पुन्हा उचलली. मैत्रिणींना घेऊन थेट बाजार गाठला.

"दादा, ही वेल तुमची?"

पडद्यामागून आवाज आला, "नाही तर काय तुझ्या माहेरची?"

"मग या फांदीला पान का नाही?"

"राहिलं असेल चुकून."

"सगळ्याच कागदांवर?"

मैत्रीण ओरडली, "अहो पडदेवाले, ते पान हिने आमच्यासाठी सोडलंय! वेल स्वतः काढली असती तर ठाऊक असतं!"

सारा बाजार हसला. त्याने गाशा गुंडाळला, नवं नाव घेऊन दुसऱ्या गावी पडदा लावला. पण लेकी-सुना माहेरी-सासरी जातातच की! जिथे तो बसे, तिथे कुणी तरी विचारी, "दादा, हे पान कोरं का?" शेवटी त्याला पडदा लावायला बाजारच उरला नाही.

इकडे बाईच्या दारात पहाटेपासून रीघ लागली. सगळ्यांत पुढे मैत्रीण! बाईने त्या दिवशी नवा मोर रेखायला घेतला.

तात्पर्य : कलावंताचा मान राखला, तरच कला नांदते.

बायांनो, बाळांनो, तुम्हीही एवढा नेम धरा. नक्षी घेण्याआधी विचारा, "ही कुणी काढली?" आणि जिने काढली, तिच्याच हातून घ्या.