तिरवाळ्याची धावती घोडी

अगं केतकी, हातातलं काम ठेव आणि ऐक, आत्ता काय झालं ते. मी कुडाळच्या पुढे तिरवाळे म्हणून एक गाव आहे ना, तिथे आलेय जत्रेला. इथे देवळामागे जांभ्या दगडाची एक लांब भिंत आहे. पुरुषभर उंच, आणि तिला ओळीने बारा उभ्या फटी. बोटभर रुंद, बस. आत हातभर अंतरावर दुसरी भिंत, तिच्यावर चित्रं लावलेली. मी शहाणी, फटीला डोळा लावून उभी राहिले. आत एक घोडी, तंगड्या वेड्यावाकड्या. मी फोन काढला, तर मागून एक म्हातारे आजोबा म्हणाले, "थांबू नको गो चेडवा. थांबलंस तर घोडी थांबतली. धाव."

मग मी धावले. आणि केतकी, ती घोडी धावली. खरंच. खूर उचलून, मान हलवत, माझ्या बाजूने, माझ्याच वेगाने. आपल्या अ‍ॅनिमेशनच्या कोर्सच्या पहिल्या आठवड्यात सरांनी फटी पाडलेला गोल डबा फिरवून दाखवलेला, आठवतंय? आत कागदाची पट्टी, फिरवलं की माणूस उड्या मारतो. तेच हे, फक्त इथे डबा नाही फिरत, आपणच पळायचं. मी तीनदा पळाले. आजोबा हसत होते. बाबल ठाकर त्यांचं नाव, चित्रकथी घराण्यातले. म्हणजे चित्रांची पोथी मांडीवर घेऊन एकेक पान दाखवत देवळात कथा सांगणारे. मग त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं.

फार पूर्वी म्हणे त्यांच्या घराण्यात भिवरा नावाची एक बाई होती. नवरा वारलेला, दोन पोरं. देवळात कथा सांगायचा मान घराण्याचा, आणि त्या मानाच्या तांदळावर घर चालायचं. गावच्या देसायांची एक पांढरी घोडी होती. एकदा नदीला लोंढा आला तेव्हा तिने देसायांना पाठीवरून अलीकडे आणलं, आणि काठावर येऊन मेली. त्या दिवसापासून देसाई ओटीवरून उठेनात. कुणाशी बोलेनात. शेवटी त्यांनी भिवराला बोलावलं आणि सांगितलं, जत्रेच्या आत माझी घोडी काढ. उभी नको, धावती. नजर तीच हवी. नाही जमलं तर यंदा कथा दुसरा कुणी सांगेल.

आता चित्रकथींचा एक नेम आहे. चित्रात डोळा सगळ्यात शेवटी काढायचा, कारण डोळा दिला की त्यात जीव आला. मग ते चित्र फाडायचं नाही, जाळायचं नाही, पोथीत लागणार नसेल तर अमावास्येला नदीत सोडायचं. पण भिवरा घाबरलेली. नजरच चुकली तर, म्हणून तिने डोळा आधी काढला. डोळा सुरेख जमला, पाय बिघडले. दुसरा कागद घेतला, पुन्हा डोळा आधी, पुन्हा पाय बिघडले. पुढचा गुडघा जरा वर, मागचा जरा आत, असं करत बारा कागद झाले. एकही धावत नव्हती, आणि एकही फाडता येत नव्हती. तिचं घर इथेच, देवळामागे. तिने ते बारा कागद अंगणातल्या भिंतीला ओळीने सुकायला लावले आणि डोक्याला हात लावून बसली. भिंतीपुढे बांबूच्या पट्ट्यांचं कुंपण होतं.

इतक्यात तिची शेळी सुटली म्हणे. भिवरा कुंपणाच्या बाहेरून तिच्यामागे पळत सुटली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, पट्ट्यांच्या आड पांढरी घोडी दौडतेय. ती थांबली, घोडी थांबली. ती पुन्हा पळाली. आजोबा म्हणाले, शेळी संध्याकाळी आपली आपण घरी आली, हिला तिची आठवणच राहिली नव्हती.

देसायांना निरोप गेला. ते आधी आलेच नाहीत, म्हणाले, चित्र इकडे आणा. भिवराने सांगून पाठवलं, चित्र नाही येत, तुमका धावूचा लागतला. तेव्हा ते ओटीवरून उठले. धोतर खोचून म्हातारा कुंपणाबाजूने धावला, दमला, रडला, पुन्हा धावला. मान राहिला. जत्रा झाली.

पण देसाई मग रोज सकाळी यायला लागले. शेत नाही, घर नाही, नुसते धावायचे. आणि अमावास्या आली. देसाई म्हणाले, "चित्रां बुडवलंस तर तुझो मान पण बुडलो." भिवरा म्हणाली, "डोळो दिलो त्या जीवाक अडकवन ठेवचा नसता." पोरांकडे बघत उभी राहिली, असं सांगतात. मग बारा कागद डोक्यावर घेऊन नदीवर गेली.

दुसऱ्या सकाळी देसाई आले, सवयीने धावले. आत नुसती भिंत. ते तसेच घरी परतले. आणि शब्द पाळला. पुढच्या चैत्रात देवळात परगावचा चित्रकथी बसला, आणि भिवरा लोकांत बसून ऐकत होती. वर्षभर तिने लोकांकडे भात कांडला म्हणे. त्याच्या पुढच्या वर्षी, जत्रेला आठ दिवस असताना, देसाई स्वतः अंगणात आले. हातात कोरे कागद. म्हणाले, "पुन्हा काढ. आणि पुन्हा सोड." मान भिवराच्या घरी परत आला, आणि कुंपणाच्या जागी ही जांभ्याची भिंत त्यांनीच बांधून दिली.

आजही चैत्रात त्याच घरातलं कुणीतरी बारा घोड्या काढतं, डोळा आधी. आजही पालखी इथे आली की भोई थांबत नाहीत, भिंतीच्या कडेने पळतच जातात, देवालाही दिसावी म्हणून. आणि अमावास्येला सगळे कागद नदीत. जुनं एकही चित्र गावात नाही. मी विचारलं, फोटो तरी? आजोबांनी माझ्या फोनवर हात ठेवला.

मला सांग केतकी, घरात दोन पोरं, दारात देसाई, आणि हातात तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात भारी काम. तू सोडली असतीस ती चित्रं?